दोन दिवसांची मुदत: केपला वळसा घालणाऱ्या जहाजावरचं अफूचं एक प्रकरण

सोळाव्या शतकातली गोष्ट. पोर्तुगिजांचं एक जहाज हिंदुस्थानातून लिस्बनला निघालं आहे. कोचीन किंवा गोवा सोडायचं ते डिसेंबर-जानेवारीत, ईशान्येचा वारा धरून. मग आफ्रिकेचं टोक, केप ऑफ गुड होप, आणि तिथून उत्तरेला. सगळं सुरळीत झालं तरी सहा महिने. जहाजावर मिरी, दालचिनी, कापड आहे आणि काही कैदी आहेत: तुर्क, इराणी, अरब. आजारी माणसं सांभाळण्याचं काम क्रिस्तोव्हाव द कोस्ता या वैद्याकडे आहे.

कैद्यांनी थोडीशी अफू लपवून आणली होती. तीच ते जपून, औषध म्हणून खात. एक दिवस ती संपली. तेव्हा त्यांच्यातला एक जण कोस्ताकडे आला. त्याच्या म्हणण्याचा मतलब असा: आजाऱ्यांचा भार तुमच्यावर आहे म्हणून सांगतो, मला आणि माझ्या सोबत्यांना अफू मिळाली नाही, तर आम्ही दोन दिवसही जगणार नाही.

कोस्ताकडे अफू नव्हती.

पुढे काय झालं ते कोस्ताने स्वतः लिहून ठेवलं आहे. पूर्वेकडच्या औषधी द्रव्यांवरचा त्याचा स्पॅनिश ग्रंथ 1578 मध्ये बुर्गोसला छापला गेला, त्यात अफूच्या प्रकरणात ही हकीकत येते. मी व्यसनमुक्तीच्या ओपीडीत काम करते आणि ही हकीकत पुन्हा पुन्हा वाचते. अफूची तलफ, तिचा उपचार आणि त्याचा परिणाम, हे तिन्ही एकत्र सांगणारी इतकी जुनी नोंद मला दुसरी माहीत नाही. त्यातला उपचार कोणी सुचवला, हे मला त्याहून मोलाचं वाटतं.

त्या काळच्या वैद्याला अफूबद्दल काय ठाऊक होतं?

कोस्ता कोऱ्या पाटीने जहाजावर चढला नव्हता. त्याच्या ग्रंथाच्या आधी पंधरा वर्षं, 1563 मध्ये, गार्सिया द ओर्ता या वैद्याचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं होतं आणि कोस्ताचा ग्रंथ बऱ्याच अंशी त्यावरच उभा आहे. ओर्ता 1534 मध्ये गोव्याला आला तो कायमचा. त्याचं पुस्तक संवादरूपात आहे: रुआनो नावाचा एक काल्पनिक वैद्य पोर्तुगालहून नवा आलेला, पोथ्या पाठ असलेला, तो विचारतो आणि ओर्ता उत्तरं देतो. आपली ‘मोडशी’ याच पुस्तकातून पोर्तुगीज वळणाचं नाव घेऊन युरोपच्या वैद्यकात गेली. अफूला ओर्ता ‘आंफियाव’ म्हणतो. ग्रीकांच्या ‘ओपियन’चं अरबीत ‘अफयून’ झालं, कारण अरबीत ‘प’ नाही. त्याच अफयूनची आपली अफू.

अफूच्या संवादात ओर्ताने आपल्या ओळखीच्या एका माणसाची गोष्ट सांगितली आहे आणि ती थेट अहमदनगरची आहे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात ओर्ताची ये-जा होती. त्याने शहाला रोगांची आणि औषधांची लॅटिन नावं शिकवली, शहाने त्याला अरबी. निजामशहाचा एक चिटणीस होता, मूळचा खुरासानचा. तो रोज तीन तोळे अफू खाई. ओर्ता वजनही देतो, साडेदहा क्रुझादो, म्हणजे सोन्याच्या साडेदहा नाण्यांच्या भाराइतकी. हा चिटणीस शिकलेला, लिहिण्यात पटाईत. पण बघावं तेव्हा पेंगत असे. मात्र कामाचं काही विचारलं की विद्वानाला आणि शहाण्याला शोभेल असं बोले.

तीन तोळे म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण 35 ग्रॅम. अफूत मॉर्फिनचं प्रमाण साधारण दहा टक्के धरलं, तर दिवसाला तीन-साडेतीन ग्रॅम मॉर्फिन पोटात. तेव्हाची बाजारातली अफू भेसळीची असेल असं मानून हा आकडा निम्मा केला, तरी ज्याने अफू कधी चाखलेली नाही अशा अनेक माणसांचा जीव घ्यायला तो पुरेसा आहे. सवय नसलेल्याला दोन-तीन ग्रॅम अफूही घातक ठरते. इथे चिटणीस तीन तोळे खाऊन दरबाराची पत्रं लिहितो आहे.

पोथीतल्या वैद्यकाला हे कोडं होतं. ग्रीक वैद्य गॅलेन आणि इराणी वैद्य इब्न सिना यांच्या मांडणीत प्रत्येक द्रव्याला उष्ण-शीत, रुक्ष-आर्द्र असे गुण आणि त्यांच्या चार पायऱ्या. अफू शीताच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर. चौथ्या पायरीचं शीत म्हणजे शरीराची ऊब विझवून मारणारं. मग हा माणूस विझत का नाही? उत्तर एकच मिळे: सवय. पण सवय म्हणजे शरीरात नेमकं काय होतं, हे गॅलेनच्या चौकटीतून सांगता येत नव्हतं.

सवयीची दुसरी बाजूही गोव्यात दिसत होती. कोस्तानंतर थोड्याच वर्षांनी, 1583 ते 1588, यान व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपकडे चिटणीस म्हणून राहिला. तो वैद्य नव्हता, पण 1596 साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने लिहिलं आहे की ज्याला अफूची सवय आहे त्याने ती रोज खाल्लीच पाहिजे, चार-पाच दिवस चुकली तर तो मरतो. आणि ज्याने कधी खाल्ली नाही तो सवयीच्या माणसाइतकी एकदम खायला गेला तर तोही नक्की मरतो. आजच्या पाठ्यपुस्तकात सहनशक्ती (सवयीने मोठी मात्राही पचणं) आणि अवलंबित्व (ती तुटली की त्रास होणं) अशी दोन वेगळी प्रकरणं असतात. बाजारात ऐकलेल्या बोलण्यातून त्याने दोन्ही एका दमात सांगून टाकली. ‘मरतो’ हे तेवढं अतिशयोक्त, त्याकडे पुढे येते.

आपल्याकडच्या वैद्यांचंही इथे सांगायला हवं. चरक-सुश्रुतांत अफू नाही. ती मध्ययुगात आली आणि शार्ङ्गधर या वैद्याने तिला भांगेच्या जोडीला ‘व्यवायि’ द्रव्याचं उदाहरण म्हणून बसवलं: पचण्याआधीच सगळं शरीर व्यापणारं द्रव्य. गोळी पोटात जाते न जाते तोच डोळे जड होतात, हे ज्याने पाहिलं आहे त्याला ही व्याख्या किती नेमकी आहे ते कळेल. ओर्ताच्याच शतकातला भावप्रकाश हा आयुर्वेदाचा ग्रंथ अफूला ‘ग्राहि’ म्हणतो, म्हणजे मळ बांधून धरणारी. जुलाबावर अफू देत ती म्हणूनच. हा गुण लक्षात ठेवावा, जहाजावर तोच उलटा फिरणार आहे.

जहाजावर

अफू संपल्यावर त्या माणसांचं काय झालं असेल हे सांगायला कल्पनेची गरज नाही. पोटातून घेतलेल्या अफूचा शेवटचा डोस गेल्यावर साधारण अर्ध्या दिवसात जांभया सुरू होतात, नाक-डोळे गळू लागतात, अंगावर काटा येतो. मग कंप, घाम, कंबर आणि पिंढऱ्या पिळवटून निघतात. बांधलेलं पोट एकदम सुटतं. उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत वाईट. झोप तर नाहीच. माझ्याकडे येणारे पेशंट सांगतात की हाडांच्या आत कोणी तरी सारखं ओरबाडतंय असं वाटतं. ‘डॉक्टर, मी मरतोय’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की त्या कैद्याची दोन दिवसांची मुदत मला धमकी वाटत नाही. त्याला ते खरोखरच तसं दिसत होतं, कारण आधी कधी तरी अफू चुकल्याचा अनुभव त्याच्या अंगाने घेतलेला असणार.

निरोगी, धडधाकट माणूस अफू सोडून सहसा मरत नाही. पण हे कैदी होते. जहाजाच्या पोटात, तुटपुंज्या पाण्यावर आणि सुक्या पावावर दिवस काढणारे. अशा माणसाला चार दिवस उलट्या-जुलाब झाले तर तो मरू शकतो, शरीरातलं पाणी आणि क्षार संपून. तेव्हा लिन्सखोटेनच्या ‘मरतो’मध्ये आणि त्या कैद्याच्या ‘दोन दिवसां’मध्ये तथ्य नव्हतं असं म्हणवत नाही.

कोस्ताने अफू नसल्याचं सांगितल्यावर उपाय त्या कैद्यानेच सुचवला: मग आम्हाला रोज सकाळी शुद्ध द्राक्षाची दारू द्या. ज्यांना अफूची सवय आहे त्यांच्यासाठी एवढाच मार्ग आहे. आमच्या धर्मात ती निषिद्ध आहे, आम्हाला हे जड जाईल, पण जीव वाचायचा असेल तर दुसरं काही नाही.

या बोलण्यापाशी मी दर वेळी थांबते. तो माणूस कैदेत आहे, परक्या धर्माच्या लोकांच्या ताब्यात. अफू त्याच्या समाजात खपते, दारू नाही. तो आपल्या सोबत्यांच्या वतीने बोलतो आहे आणि जे मागतो आहे ते मागताना त्याला लाज वाटते आहे. तरीही तो वैद्याला औषध, वेळ आणि पद्धत तिन्ही सांगतो. हे ज्ञान त्याच्याकडे कुठून आलं? अफू खाणाऱ्यांमध्येच ते फिरत असणार, एकाच्या अनुभवातून दुसऱ्याकडे. कोणत्याही पोथीत ते नव्हतं.

कोस्ताने ऐकलं. यासाठी मी त्याला पूर्ण श्रेय देते. कैद्याला थापाड्या म्हणून हाकलून देणं सोपं होतं. अफूच्या सवयीला तो काही थोर मानत नव्हता. विषयलंपट लोक ती खातात असं त्याने त्याच प्रकरणात निषेधाच्या सुरात लिहिलं आहे. तरी त्याने दारू दिली, रोज दिली, मात्रा वाढवत दिली. परिणाम असा नोंदवला: एकही जण मेला नाही, आणि महिन्याभरात त्यांना ना दारू हवी होती, ना अफूची गरज उरली होती.

उपचाराने काम केलं का?

कोस्ताच्या डोळ्यांनी पाहिलं तर हिशेब सरळ आहे. अफू शीत, दारू उष्ण. अफूच्या थंडाव्यावर इतकी वर्षं तोललेलं शरीर अफू गेल्यावर ढासळतं, तर उष्ण द्रव्याने त्याला हात द्यायचा. पण या तर्कात एक भोक आहे. शीत द्रव्य काढून घेतल्यावर शरीर आपोआप उष्णतेकडे सरकायला हवं. त्यात पुन्हा उष्ण दारू ओतली तर बिघडायला हवं, सुधारायला नको. उपाय आधी लोकांनी शोधला आणि शास्त्राने त्याला मागून कपडे चढवले असं मला वाटतं, ते यामुळेच.

आजच्या शास्त्राने पाहिलं तर? अफूतलं मॉर्फिन सेर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत वेगळं केलं. ते मेंदूत ज्या जागी जाऊन बसतं त्या जागा 1973 मध्ये सापडल्या आणि शरीर स्वतःच तयार करतं ते त्याच जातीचं द्रव्य 1975 मध्ये. मेंदूच्या बुंध्यात निळसर रंगाचा पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. जागेपण, धास्ती, धडधड यांचा तो पहारेकरी. अफू त्याला दाबून ठेवते. रोज दाबला गेला की तो जोर वाढवतो, म्हणजे दाब असूनही काम चालू राहावं. हीच सवय. चिटणीस तीन तोळे खाऊन पत्रं लिहितो ते या वाढलेल्या जोरावर. एके दिवशी दाब अचानक उठला की वाढलेला जोर मोकाट सुटतो, आणि घाम, धडधड, काटा, निद्रानाश हे सगळं एकदम येतं. आतड्यातही तसंच: बांधून धरणारा हात निघाला की पोट सुटतं. भावप्रकाशातला ‘ग्राहि’ इथे उलटा होतो.

दारू अफूच्या जागी जाऊन बसत नाही. तिचा मार्ग वेगळा. ती मेंदूला सरसकट गुंगी आणते. म्हणजे कोस्ताने तलफेचं मूळ तोडलं नाही. त्याने त्या माणसांना सगळ्यांत वाईट दिवसांतून थोडी झोप, थोडी ऊब, थोडी साखर आणि पोटात काही तरी पातळ देऊन पार नेलं. शरीराची तलफ आठ-दहा दिवसांत ओसरते, कोणी काही दिलं नाही तरी. महिना होईपर्यंत ती माणसं बरी झाली यात दारूचा वाटा किती आणि दिवसांचा किती, हे एका जहाजावरून ठरत नाही. शिवाय जहाजावर अफू कुठेच नव्हती, त्यामुळे पुन्हा सुरू करण्याचा प्रश्नच नव्हता. मी माझ्या पेशंटना दारू देणार नाही. अफू सोडून दारू धरलेले अनेक जण मी पाहिले आहेत. एकाचं दुखणं दुसऱ्याने झाकायच्या नादात दोन्ही गळ्यात पडतात. युरोपने पुढे हीच चूक फार मोठ्या प्रमाणात केली: 1880च्या दशकात मॉर्फिनची सवय मोडायला कोकेन दिलं, आणि 1898 पासून हेरॉइन बाजारात आलं ते सवय न लावणारं खोकल्याचं औषध म्हणून.

पण कोस्ताच्या उपचाराचा गाभा दारूत नव्हताच. ठरलेली वेळ, रोजची मात्रा, वैद्याच्या हाताने, आणि माणसाच्या त्रासावर विश्वास. हा गाभा आजही तसाच आहे.

ऐकलेलं आणि विसरलेलं

या प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे, जी ओर्ता आणि कोस्ता दोघांनी सांगितली आणि नंतर बराच काळ कोणी फारशी मनावर घेतली नाही. लोक समजत की अफू कामशक्ती वाढवते. रुआनोही तेच ऐकून आलेला आहे. ओर्ता त्याला सांगतो की उलट आहे, अफूने माणूस नपुंसक होतो. घाई थोडी कमी होते एवढंच. कोस्ताचंही तेच. आज आपण जाणतो की रोजची अफू मेंदूकडून जाणारी आज्ञा दाबते आणि पुरुषात टेस्टोस्टेरॉन घटतं. ओपीडीत हा विषय पेशंट स्वतःहून काढत नाही, लाजतो. मला विचारावं लागतं. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या दोन वैद्यांनी विचारलं होतं, म्हणून त्यांना कळलं.

ऐकण्याचा हा धागा पुढे तुटत गेला. 1700 साली जॉन जोन्स या वैद्याने इंग्रजीत अफूवर अख्खं पुस्तक लिहिलं. दीर्घकाळ घेतलेली अफू एकाएकी सोडली की असह्य तगमग, चिंता, खिन्नता येते आणि पुन्हा अफू घेतल्यावरच माणूस सावरतो, हे त्याने स्वच्छ लिहिलं. पण त्याच पुस्तकात अफूचं कौतुकही इतकं होतं की इशारा त्यात बुडाला. एकोणिसाव्या शतकात टोचून घ्यायचं मॉर्फिन आलं आणि 1877 मध्ये बर्लिनच्या एडुआर्ड लेव्हिनश्टाइनने मॉर्फिनच्या सवयीवर ग्रंथ लिहिला. लक्षणं त्याने बारकाईने टिपली. उपचार मात्र कोंडण्याचा. रुग्णाला बंद खोलीत, पहाऱ्यात ठेवायचं आणि औषध एकदम तोडायचं. जहाजावरच्या कैद्याचं म्हणणं वैद्याने ऐकलं होतं; बर्लिनच्या खोलीत रुग्णच कैदी झाला.

आणि आपल्याकडे? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात एक ओळ आहे: ‘उचितादहिताद्धीमान् क्रमशो विरमेन्नरः’. जे अहितकर आहे पण अंगवळणी पडलं आहे, त्यातून शहाण्याने क्रमाक्रमाने बाहेर पडावं. पुढे तो क्रमही दिला आहे, पाव-पाव हिस्सा कमी करत जाण्याचा. चरकाला अफू माहीत नव्हती, पण सवयीचा हा नियम माहीत होता. मुंबईच्या गिरण्यांच्या चाळींत कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवत, तेव्हा या ओळीची आठवण त्यांना कोणी करून दिली असती, तर त्या मुलांची गोळी तोडताना किती रात्री वाचल्या असत्या असं मनात येतं. त्या बायकांना मी दोष देत नाही. पाळणाघर नव्हतं आणि भोंगा वाजत होता.

आता माझ्या टेबलाकडे येते. सरकारी योजनेतून ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मिळते. अफूच्याच जागी जाऊन बसणारी, पण अर्ध्यावर थांबणारी. तलफ शमते आणि कैफ फारसा चढत नाही. पेशंट रोज सकाळी येतो. गोळी चुरून जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत सिस्टरसमोर बसायचं. सुरुवातीला मात्रा वाढवतो, त्रास थांबेपर्यंत. मग बरेच महिने तीच ठेवतो आणि अगदी शेवटी, पेशंट म्हणेल तेव्हा, थोडी-थोडी उतरवतो. एका महिन्यात कोणालाही सोडत नाही. कोस्ताच्या जहाजावर महिना पुरला, कारण समुद्रावर अफू विकणारा नव्हता; इथे तो गल्लीच्या तोंडाशी उभा असतो.

नवीन पेशंट आला की आधी त्याला विचारते, किती तास झाले, आणि काय घेतल्यावर तुला बरं वाटतं. मग गप्प बसते. उत्तर यायला कधी कधी वेळ लागतो.